विस्मरणाला नाव देणारा डॉक्टर

अल्झायमर हा शब्द आता आमच्या यवतमाळात पुष्कळ रुळला आहे. दत्त चौकातल्या औषधांच्या दुकानात तो कानावर येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, एसटीत शेजारी बसलेला अनोळखी प्रवासीही आपल्या आईविषयी बोलताना तो वापरतो. कोणी अल्झामर म्हणते, कोणी अल्जाइमर; अर्थ सगळ्यांना कळतो. पूर्वी याच गोष्टीला बुढा चळला म्हणत, आणि शिकलेला माणूस असेल तर साठी बुद्धी नाठी ही म्हण ऐकवून मोकळा होई. मधुमेह, दमा, लकवा यांच्या रांगेत जाऊन बसलेला हा शब्द म्हणजे मुळात एका माणसाचे आडनाव आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. त्या माणसाला चेहरा होता, चेहऱ्यावर तलवारीचा व्रण होता, बायको होती, तीन मुले होती, चिरुटाचे व्यसन होते. उभी हयात बँकेत काढल्यामुळे कोणत्याही नावामागचा खातेदार शोधण्याची मला खोड आहे. कादंबऱ्या लिहिल्या त्याही बहुधा त्याच खोडीतून. तर याही नावाच्या मागे लागलो, त्याची ही हकीकत.

अलॉइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ चा, बव्हेरियातल्या मार्क्टब्राइट या माइन नदीकाठच्या लहानशा गावातला. वडील एडुआर्ड हे नोटरी. तिकडे नोटरी म्हणजे सरकारने नेमलेला मानाचा अधिकारी. खरेदीखते, मृत्युपत्रे, सह्या, शिक्के यांच्यातच त्यांचा दिवस जाई. पुढे ज्याने एका बाईची अर्धवट सही जपून ठेवली, तो मुलगा अशा घरात वाढला, याची मला मौज वाटते. जाता जाता सांगायचे तर, नागपूरचे वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले ते याच १८६४ साली. आमच्या जिल्ह्यातली माणसे पिढ्यान् पिढ्या तिथेच नेली गेली, आणि नागपूरला नेले एवढे दोन शब्द उच्चारले की ऐकणाऱ्याने काय ते समजावे, अशी आमच्या लहानपणी रीत होती.

मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब आशाफेनबुर्गला गेले. शाळेत अलॉइसचा ओढा सृष्टिविज्ञानाकडे. पुढे वैद्यकी शिकायला तो बर्लिन, वुर्झबुर्ग, ट्यूबिंगन असा फिरला. अंगाने धिप्पाड, हसतमुख, मित्रांत रमणारा. त्या काळी जर्मन विद्यार्थी मंडळांत तलवारबाजीची द्वंद्वे चालत आणि गालावरचा वार हे मर्दुमकीचे लेणे समजले जाई. तसा वार त्याच्या डाव्या गालावर बसला, आणि पुढे आयुष्यभर हे गृहस्थ फोटोत उजवी बाजू पुढे करून बसत राहिले. १८८७ साली त्यांनी वुर्झबुर्गला जो प्रबंध सादर केला त्याचा विषय होता कानात मळ तयार करणाऱ्या ग्रंथी. विषय हसू येण्यासारखा असला तरी सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास डोळा लावून बसण्याची बैठक त्यातूनच तयार झाली. शिक्षण संपल्यावर एका मनोरुग्ण बाईंची सोबत करीत त्यांनी काही महिने प्रवास केला, आणि १८८८ च्या डिसेंबरात फ्रँकफुर्टच्या वेड्यांच्या व अपस्माराच्या रुग्णालयात रुजू झाले. गावात या इमारतीला वेड्यांचा किल्ला म्हणत.

रुग्णालयाचे प्रमुख एमिल सिओली यांच्या हाताखाली रुग्ण शेकड्यांनी आणि डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके. सिओलींचा आग्रह असा, की रुग्णाला बांधायचे नाही, कोंडायचे नाही. फार खवळला तर कोमट पाण्याच्या टबात बसवून ठेवायचे, बागेत फिरवायचे, त्याच्याशी बोलायचे. तरुण अल्झायमर यांना हे मनापासून पटले. रुग्णाजवळ बसून त्याचे बोलणे जसेच्या तसे लिहून घ्यायची सवय त्यांना इथे लागली. १८८९ साली तिथे फ्रान्झ निस्ल हा दुसरा तरुण डॉक्टर आला आणि दोघांची जन्माची मैत्री जुळली. दिवसभर रुग्ण पाहायचे आणि रात्री मेंदूचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे, हा त्यांचा क्रम.

इथे मला जरा थांबावेसे वाटते, कारण आम्ही कापसाच्या मुलखातली माणसे. मेंदूचा काप तसाच पाहिला तर काही दिसत नाही. सगळे एकसारखे फिकट. त्यातली एकेक पेशी उठून दिसावी म्हणून तो रंगवावा लागतो. निस्ल यांनी यासाठी मिथिलीन ब्लू हा रंग वापरला. तो १८७६ साली एका जर्मन कारखान्यात तयार झाला होता, आणि तयार झाला होता तो सुती कापड रंगवण्यासाठी! त्या काळात जर्मनीच्या रंगकारखान्यांतून नवनवे रंग निघत होते आणि जगभरचे कापड त्यांत बुडत होते. वऱ्हाडचा कापूस गठ्ठ्यांनी मुंबईला आणि तिथून परमुलखात जाई, तेव्हा त्याचे कापड कोणत्या रंगात बुडते याची आमच्या पणजोबांना कल्पना नव्हती. आणि ते रंग पुढे माणसाच्या मेंदूचे गुपित उघडतील याची रंगवाल्यांनाही नव्हती. सुताच्या रंगाची ही गोष्ट पुढे आणखी दोनदा येणार आहे.

१८९४ साली अल्झायमर यांनी सेसिली गाइझेनहाइमर या श्रीमंत विधवेशी लग्न केले. सेसिलीचे पहिले पती हिऱ्यांचे व्यापारी होते. ती ज्यू, हे कॅथलिक. पण संसार सुखाचा झाला असे दिसते. गर्ट्रूड, हान्स आणि मारिया अशी तीन मुले झाली. धाकटी मारिया तान्ही असतानाच, १९०१ च्या फेब्रुवारीत सेसिली वारली. अल्झायमर यांची धाकटी बहीण मुलांना सांभाळायला येऊन राहिली, आणि डॉक्टरांनी स्वतःला कामात गाडून घेतले. घरी कमी, रुग्णालयात जास्त, असे ते वर्ष गेले. त्याच वर्षाच्या २५ नोव्हेंबरला एका बाईला भरती करण्यात आले.

ऑगुस्टे डेटर हे त्यांचे नाव. वय ५१. नवरा कार्ल रेल्वेत कारकून. वर्षभरापूर्वीपर्यंत घर टापटिपीने चालवणाऱ्या या बाई अचानक नवऱ्यावर संशय घेऊ लागल्या. शेजारणीशी त्याचे संबंध आहेत असे त्यांच्या मनाने घेतले. मग स्वयंपाक बिघडू लागला, घरातल्या वस्तू कुठेतरी लपवून ठेवायच्या आणि विसरायच्या, घरभर येरझारा घालायच्या, शेजाऱ्यांच्या दाराच्या घंट्या वाजवत सुटायचे. वाचकांपैकी ज्यांच्या घरी हे घडले आहे त्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल. आपल्याकडेही सुरुवात पुष्कळदा चोरीच्या आळापासून होते: सुनेने पाटल्या घेतल्या, गड्याने पैसे काढले.

भरतीच्या दुसऱ्या दिवसापासून अल्झायमर यांनी प्रश्नोत्तरे लिहून काढली. नाव विचारले, त्यांनी ऑगुस्टे सांगितले. आडनाव विचारले, तरी ऑगुस्टे. नवऱ्याचे नाव विचारले, पुन्हा ऑगुस्टेच. पेन्सिल, किल्ली, चिरूट दाखवले तर बरोबर ओळखले, पण थोड्या वेळाने काय काय दाखवले होते ते आठवेना. जेवणात डुकराचे मांस आणि फूलकोबी खात होत्या. काय खाता म्हणून विचारले तर पालक म्हणाल्या. लिहायला सांगितले तेव्हा मात्र जे घडले ते मला या सगळ्या कहाणीचा गाभा वाटते. स्वतःचे नाव लिहायला घेतले, श्रीमती एवढा शब्द उमटला आणि हात थांबला. पुढचा प्रत्येक शब्द सांगावा लागला. आणि मग त्यांनी जे सांगितले त्याचा भावार्थ असा, की आपण आपल्याला हरवून बसलो आहोत. ज्याला स्वतःचे हरवणे कळते तो वेडा कसा, हा प्रश्न अल्झायमर यांना तिथेच पडला असला पाहिजे.

बँकेतल्या माणसाला नोव्हेंबर महिना म्हटला की पेन्शनर आठवतात. हयातीचा दाखला द्यायला त्यांची रांग लागे. हल्ली यंत्रावर अंगठा टेकला की काम होते, पण मी पुसद तालुक्यातल्या एका शाखेत होतो तेव्हा प्रत्येकाला समोर बसवून सही घ्यावी लागे आणि नमुना-सहीच्या कार्डाशी ताडून पाहावी लागे. एक निवृत्त गुरुजी दरवर्षी येत. मोडी आणि बाळबोध दोन्ही वळणे जाणणारे, अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. एका वर्षी त्यांच्या सहीतला आडनावाचा शेवट गेला. पुढल्या वर्षी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर गेले. तिसऱ्या वर्षी त्यांनी पहिले अक्षर काढले, टाक धरावा तसे पेन धरून ठेवले, आणि आता पुढे काय येते अशा नजरेने माझ्याकडे पाहिले. बरोबर आलेल्या मुलाने संकोचून सांगितले की बाबांचे वय झाले आहे. मी गुरुजींचा अंगठा घेऊन कागद पुरा केला. नियमात ते बसत होते. तेव्हा गुरुजींचे वय सत्तर होते. ऑगुस्टेबाई एक्कावन्नच्या होत्या. वय झाले या दोन शब्दांत त्यांचा आजार बसवता येत नव्हता, आणि म्हणूनच तो डॉक्टरांच्या डोळ्यांत खुपला.

१९०३ साली अल्झायमर यांनी फ्रँकफुर्ट सोडले. आधी हायडेलबर्ग आणि लगेच म्युनिक, दोन्हीकडे एमिल क्रेपेलिन या त्या काळच्या मनोविकारशास्त्रातल्या सार्वभौम माणसाबरोबर. म्युनिकला काही काळ तर त्यांनी बिनपगारी काम केले. सेसिलीचा पैसा होता म्हणून चालले. मात्र ऑगुस्टेबाईंना ते विसरले नाहीत. कार्लला रुग्णालयाचा खर्च झेपत नव्हता, बाईंना स्वस्त ठिकाणी हलवण्याची गोष्ट निघाली होती; ती अल्झायमर यांनी मोडून काढली असे त्यांचे चरित्रकार सांगतात. दुरून ते फ्रँकफुर्टला विचारपूस करीत राहिले. बाईंचे बोलणे संपत गेले. शेवटी शेवटी त्या अंगाचे मुटकुळे करून पडून राहत. ८ एप्रिल १९०६ रोजी त्या गेल्या. सिओलींनी त्यांचा मेंदू आणि कागदपत्रे म्युनिकला पाठवली.

म्युनिकच्या प्रयोगशाळेचे वर्णन वाचताना मला कादंबरीकार म्हणून हेवा वाटला. देशोदेशीचे तरुण तिथे शिकायला येत. याकोब, लेवी ही आज आजारांना चिकटलेली नावे त्याच खोलीत वावरलेली. विजेच्या झटक्यांचा उपचार पुढे काढणारा इटलीचा चेर्लेत्तीही तिथलाच. गुरुजी एकेका विद्यार्थ्याशेजारी बसत, त्याच्या सूक्ष्मदर्शकात डोळा घालत, पेटता चिरूट टेबलाच्या कडेला ठेवत आणि समजावता समजावता तो तिथेच विसरून पुढल्याकडे जात. संध्याकाळी प्रत्येक टेबलावर एकेक थोटूक उरलेले असे म्हणतात.

ऑगुस्टेबाईंच्या मेंदूचे काप या वेळी चांदीच्या क्षाराने रंगवले होते. ही बील्शोव्स्की यांची रीत तेव्हा नवी होती. मेंदू आक्रसलेला होता. पेशींच्या आत काळ्या दोऱ्यांच्या गुंतवळी दिसल्या, जणू पेशी मरून गेली आणि आतला गुंता तेवढा उरला. आणि पेशींच्या बाहेर, सगळ्या थरांत, एका अनोळखी पदार्थाचे बारीक बारीक ठिपके पसरलेले. ठिपके आणि गुंतवळी, या आजाराच्या याच दोन खुणा. शंभर वर्षांहून अधिक काळ सगळे संशोधन त्यांच्याभोवतीच फिरत आहे.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगनला नैर्ऋत्य जर्मनीतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत अल्झायमर यांनी हे मांडले. सभा संपवून अध्यक्षांनी प्रश्न विचारा म्हटले. कोणी तोंड उघडले नाही. अध्यक्ष पुढच्या विषयाकडे वळले. पुढच्या वर्षी छापून आलेला निबंधही अगदी त्रोटक होता.

ही उदासीनता समजून घ्यायची तर त्या वर्षातली आणखी एक गोष्ट पाहावी लागते. तेव्हाच्या वेड्यांच्या इस्पितळांत उपदंशाने मेंदू गेलेल्यांचा फार मोठा भरणा असे. मेंदूच्या कापावरून हा आजार इतरांपासून वेगळा कसा ओळखावा यावरच अल्झायमर यांनी १९०४ चा आपला मोठा प्रबंध लिहिला होता. आणि १९०६ साली वासरमान यांनी उपदंशाची रक्तपरीक्षा काढली. माणूस जिवंत असताना, त्याच्या बाहीतून काढलेल्या चमचाभर रक्तावरून, डोक्यातल्या आजाराचे कारण सांगता येऊ लागले. सगळ्यांचे डोळे त्या चमत्काराकडे. अल्झायमर यांची परीक्षा मात्र माणूस मेल्याशिवाय करताच येत नव्हती. उपदंशाला जे १९०६ साली मिळाले ते विस्मरणाच्या आजाराला मिळायला एकविसावे शतक उजाडले.

आजाराला अल्झायमर हे नाव त्यांनी स्वतः दिलेले नाही. १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकाच्या आठव्या आवृत्तीत ते घातले. इतक्या थोड्या रुग्णांवरून एवढी घाई का केली, यावर पुष्कळ शाई सांडली आहे. म्युनिकचे नाव प्रागच्या पुढे राहावे हा एक हेतू सांगतात. प्रागला ऑस्कर फिशर यांनी १९०७ सालीच म्हातारपणी भ्रमिष्ट झालेल्या १६ जणांचे मेंदू तपासून १२ मध्ये तेच ठिपके दाखवले होते. हे काम अल्झायमर यांच्या कामापेक्षा तसूभरही कमी नव्हते. पण फिशर यांच्या पाठीशी क्रेपेलिन नव्हते. त्यांची विद्यापीठातली जागा गेली, पुढे नाझी आले आणि १९४२ साली तेरेझिनच्या बंदिवासात या ज्यू डॉक्टरचा अंत झाला. आजाराचे नाव फिशर असते तर आज आम्ही ते कसे उच्चारले असते, असा विचार माझ्या मनात येऊन जातो.

क्रेपेलिन यांच्या त्या नावाने एक नुकसानही केले, असे माझे मत आहे. त्यांनी ते तरुणपणी, म्हणजे साठीच्या आत येणाऱ्या विस्मरणासाठी राखून ठेवले. त्यामुळे पन्नाशीतला माणूस आजारी ठरला आणि पंचाहत्तरीतला नुसता म्हातारा. आमचे गुरुजी त्या दुसऱ्या कप्प्यात पडले. दोन्हींत मेंदूतले ठिपके आणि गुंतवळी त्याच आहेत, तेव्हा आजारही एकच मानावा, हे अमेरिकेच्या रॉबर्ट काट्झमन यांनी ठासून सांगितले ते १९७६ साली. स्वतः अल्झायमर यांच्या मनातही शंका होती. १९११ साली त्यांनी योहान नावाच्या दुसऱ्या रुग्णाची हकीकत छापली, त्याच्या मेंदूत ठिपके होते आणि गुंतवळी नव्हत्या. आपल्याच नावाच्या आजाराला अडचणीचा ठरणारा पुरावा स्वतः छापणारा माणूस हा होता.

१९१२ साली ब्रेस्लाउ विद्यापीठात, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्स्वाफ येथे, त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. रुजू व्हायला निघाले आणि आगगाडीतच आजारी पडले. घशाच्या संसर्गाने हृदय धरले. तिथून ते पुरते उठलेच नाहीत, तरी काम चालू ठेवले. पुढे महायुद्ध आले, सहकारी आघाडीवर गेले, कामाचा बोजा वाढला. १९ डिसेंबर १९१५ रोजी ते वारले. वय ५१. ऑगुस्टेबाई भरती झाल्या तेव्हाचे त्यांचे वयही तेवढेच. फ्रँकफुर्टच्या दफनभूमीत सेसिलीशेजारी त्यांना पुरले.

माणूस गेला, खुणा राहिल्या. आता सुताच्या रंगाची गोष्ट पुन्हा. १८८० च्या दशकात जर्मनीत काँगो रेड नावाचा लाल रंग निघाला. तोवर सुताने रंग धरावा म्हणून ते आधी तुरटी, हिरडा यांत बुडवावे लागे. हा रंग थेट धरी. सुताचा तंतू लांब, सरळ, एकावर एक रचलेला, आणि या रंगाचे कणही लांबट, चपटे. ते तंतूला समांतर चिकटून बसतात. १९२७ साली बेल्जियमच्या पॉल दिव्री यांनी हाच रंग मेंदूच्या कापावर टाकला तर अल्झायमर यांचे ठिपके त्यात रंगले. म्हणजे तो अनोळखी पदार्थही एक प्रकारचा तंतूच होता. अमिलॉइड म्हणतात तो हाच. १९८४ साली ग्लेनर आणि वाँग यांनी त्यातले प्रथिन वेगळे काढले.

तिसरी खेप अमेरिकेतल्या पिट्सबर्गची. क्लंक आणि मॅथिस या दोघांनी काँगो रेडच्या घराण्यातल्या रंगांपासून सुरुवात केली आणि शेवटी थायोफ्लेविन या दुसऱ्या, कापडासाठीच निघालेल्या पिवळ्या रंगाला बदलून मेंदूत शिरू शकणारा पदार्थ बनवला. त्याला किरणोत्सारी कार्बन जोडला. २००२ साली स्वीडनमधल्या उप्साला येथे तो प्रथम जिवंत रुग्णाला टोचला गेला आणि पेट स्कॅनच्या पडद्यावर मेंदूतले ठिपके उजळले. शहाण्णव वर्षांनी खूण जिवंत माणसात दिसली. मात्र त्या कार्बनचे अर्धे आयुष्य २० मिनिटांचे. नागपूरहून यवतमाळला येईपर्यंत तीन तास लागतात; तेवढ्यात तो नऊ वेळा अर्धा होतो, म्हणजे ५१२ रुपये घेऊन निघालेल्याच्या खिशात पोहोचताना एक रुपया उरावा. नंतर जास्त टिकणारे पदार्थ निघाले, २०१२ साली अमेरिकेत त्यांतल्या एकाला मान्यताही मिळाली, पण हा मार्ग मोठ्या शहरांचाच राहिला.

दुसरा मार्ग पाठीच्या कण्यातल्या पाण्याचा. त्यात अमिलॉइडचा एक प्रकार मोजतात. आजाऱ्यात तो वाढलेला असेल असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात तो कमी होतो. बँकवाल्याला हे चटकन कळते. चलनात पैसा दिसेनासा झाला तर तो कुठेतरी थकबाकीत अडकलेला असतो; तसे हे प्रथिन मेंदूतल्या ठिपक्यांत अडकून पडते. उलट गुंतवळींतले टाऊ नावाचे प्रथिन त्या पाण्यात वाढते. आता यातलेच प्रकार रक्तात मोजता येऊ लागले आहेत. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पहिल्या रक्तपरीक्षेला परवानगी दिली, ती पंचावन्नच्या पुढच्या आणि लक्षणे दिसत असलेल्या माणसांसाठी. वासरमान यांची चमचाभर रक्ताची किमया, ११९ वर्षांनी.

लक्षणे असलेल्यांसाठी, हे शब्द महत्त्वाचे. मेंदूतले ठिपके विस्मरणाच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून साठू लागतात, आणि पुष्कळांच्या मेंदूत ते असूनही माणूस शेवटपर्यंत हुशार राहतो. तेव्हा धडधाकट माणसाने उगाच रक्त देऊन झोप उडवून घेण्यात अर्थ नाही. २०२३ आणि २०२४ साली अमेरिकेत मान्य झालेली दोन औषधे ठिपके धुऊन काढतात, पण विस्मरणाचा वेग थोडा कमी करण्यापलीकडे त्यांची मजल नाही, शिवाय मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याची भीती. असे असता आमच्या घाटंजी-मारेगावच्या म्हातारीला या खुणांचा उपयोग काय, असे कोणी विचारील.

मला तो उपयोग वेगळ्या बाजूने दिसतो. भारतात साठीच्या पुढच्यांत शंभरातल्या ७.४ जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दिसले. यांतल्या प्रत्येकाच्या नावावर काही ना काही असते: खाते, घर, चार एकर पऱ्हाटीचे वावर. १८७२ चा करार कायदा सांगतो की करार करताना माणसाचे चित्त ठिकाणावर हवे. ते ठिकाणावर आहे की नाही हे कोण पाहतो? वाटणीपत्रावर, बक्षीसपत्रावर, पीककर्जाच्या कागदावर अंगठा घेताना ज्याचा अंगठा धरला आहे त्याला काही उमगत नाही, हे मी टेबलाच्या या बाजूने कितीदा तरी पाहिले आहे. एका भावाने दुसऱ्याला फसवले याचे मूळ पुष्कळदा बापाच्या विसरण्यात असते. आजार वेळेत ओळखला, तर शहाणपण शाबूत असतानाच माणूस आपले कागद आपल्या इच्छेने करू शकतो. शिवाय बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, खोल उदासी यांनीही माणूस विसरतो आणि उपचाराने सुधारतो. वय झाले म्हणून घरी बसवलेल्यांत असे किती असतील! 'अस्तु' या मराठी चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी हत्तीमागे चालत हरवलेला शास्त्रीबुवा उभा केला, तो पाहताना आमच्याकडचे प्रेक्षक रडले. अश्रू ठीक, एकदा शासकीय रुग्णालयात नेऊन साधे रक्त तपासून घ्यावे, हे त्यांतल्या कितीजणांच्या मनात आले असेल कोण जाणे.

यंत्रांच्या या गर्दीत एक जुनी परीक्षा टिकून आहे, ती म्हणजे जवळ बसून विचारणे. तीही आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाही. आजची तारीख सांगा, एक वाक्य लिहा, हे प्रश्न शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईला कसे विचारणार? हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत काम करणाऱ्या भारतीय व अमेरिकी डॉक्टरांनी म्हणून १९९० च्या दशकात निरक्षरांसाठी वेगळी हिंदी प्रश्नावली बनवली. कोलामी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या आजीला अस्सल तिच्या बोलीत विचारणारा माणूस आमच्या जिल्ह्यातही लागेल.

ऑगुस्टेबाईंची फाईल पुढे दिसेनाशी झाली होती. १९९५ च्या डिसेंबरात कोनराड माउरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ती फ्रँकफुर्टच्या रुग्णालयाच्या दप्तरात सापडली. निळे पुठ्ठ्याचे वेष्टन, आत ३२ कागद. मेंदूचे कापही म्युनिकच्या तळघरात मिळाले. २०१३ साली एका प्रयोगशाळेने त्यांतून जनुकातला दोष शोधल्याचे जाहीर केले, दुसरीला पुढल्याच वर्षी तो सापडला नाही. मी पाहिले आहे ते फायलीतल्या एका कागदाचे छायाचित्र. नमुना-सहीचे कार्ड पाहावे तसे मी ते पाहिले. बाईंनी नाव लिहायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न केला आहे. अक्षर शाळेत घोटलेले, वळणदार, मध्येच तुटलेले. त्याच कागदावर डॉक्टरांच्या हातची टीप आहे: लिहिण्यातला हा दोष हाताचा नव्हे, स्मरणाचा आहे, अशा अर्थाची.